बहिणीचा ढावलो

ढावलो पुरुषानं गायचाच नसते. आमच्या बंजारा तांड्यावर हे शेंबड्या पोरालेही माहीत आहे. सासरी निघालेली नवरी मायच्या, बहिणीच्या गळ्यात पडते अन् गाऊन रडते, त्याले ढावलो म्हणतात. जिच्या गळ्यात पडली त्या बाईनं गाऊनच उत्तर द्यायचं, असा रिवाज. अन् आमचा गिटारवाला, एवढ्या मोठ्या मिशा घेऊन, वर्सानुवर्सं तोच ढावलो गाऊन राह्यला होता. मले तर बोलतानाही आग होते.

आमचा बँड यवतमाळचा. कॉलेजातले तीन पोरं अन् मी. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत ड्रमवाल्याच्या बापाचं शेड होतं. तिथल्या मशिनी बंद झाल्या का आमी सुरू. दुर्गोत्सवात वाजवाले लागलो तशी लोकं म्हणत, कान फाटले, पण अजून एक होऊ द्या. ते 'अजून एक' माह्या मोठ्या बहिणीचं होतं. लग्नात मायच्या गळ्यात पडून तिनं आमच्या गोर बोलीत विचारलं होतं, "याडी, माह्या वाट्याची भाकर आता कोणाले देशीन?" तिले विचारून मी तेच गिटार-ड्रमवर गायली. मंग माहं लग्न झालं, मी उमरखेडकडं गेली, अन् गाणं गिटारवाल्याच्या तोंडी गेलं. तेच त्याचं सगळ्यात जास्त चाललं. पुढं बँड मोडला, जो तो आपल्या पोटामागं लागला.

आता केस पांढरे झाल्यावर त्याले हुक्की आली, पुन्हा जमू, जिल्हाभर फिरू. मी खुशीनं गेली. पहिला कार्यक्रम उमरखेडले होता. तिथं त्यानं माईकवर बँडचा सारा इतिहास सांगितला, अन् म्हणे, "हे गाणं मले एका तांड्यावर भेटलं."

भेटलं? रस्त्यावर पडलं होतं काय? मी मागं कोरसच्या माईकपाशी उभी, अन् माह्या अंगाचा नुसता तिळपापड.

कार्यक्रम झाल्यावर मी त्याले धरलं. "पुढचा कार्यक्रम बोरी अरबले आहे. बाजूच्याच तांड्यावर माह्या बहिणीचं सासर आहे. बहीण समोर बसन. तिथं ढावलो मी गाईन, अन् तिचा आहे हे सांगून गाईन."

"अवं, पब्लिकले माह्या आवाजाची सवय आहे," तो म्हणे. "तू असं कर, फेटिया-कांचळी घालून ये. मागं नुसती उभी राह्यली तरी लूक येते."

"भर जवानीत मी सलवार-कुडता घालून गायली, तवा कोणी लूक मागितला नाई. आता हे सोंग कायले? तुलेच हौस असन तर तूच घाल घागरा."

ड्रमवाला फिसकन हसला. गिटारवाला हसला नाई, अन् आयकलंही नाई. चोर तो चोर, वर शिरजोर.

बोरी अरबले बाजाराच्या मैदानात खुर्च्या मांडल्या होत्या. बहीण पहिल्याच रांगेत, सुनाईले घेऊन बसली होती. गिटारवाल्यानं पुन्हा तेच 'भेटलं' सांगितलं, डोये मिटले अन् "याडी" म्हणून सूर लावला. समोरच्या बाया एकमेकीकडं पाहू लागल्या. बहीण उठली. काठी टेकत स्टेजच्या बाजूच्या पायऱ्या चढली, सरळ माह्यापाशी आली अन् मले विचारते, "हा माणूस काहून रडून राह्यला? याले कोण सासरी धाडून राह्यलं?"

माहा माईक चालू होता. साऱ्या मैदानानं आयकलं. बाया तोंडाले पदर लावून हसाले लागल्या. ड्रमवाल्यानं काड्या खाली ठेवल्या.

"आजी, खाली जाऊन बसा," गिटारवाला म्हणे. "गाणं चालू आहे."

आजी म्हणे! जिच्या रडण्यावर टाळ्या घेतल्या, तिलेच खाली बस म्हणते. माह्या तोंडात शिवी आली होती. पण त्याआधीच बहिणीनं काठी टाकली, माह्या गळ्यात हात घातले अन् गाऊ लागली. ताल नाई, पट्टी नाई, दम पुरन तिथवर ओळ. गिटारवाल्यानं एकदोनदा सूर जुळवून पाह्यला, जमला नाई, मंग तो गिटारीवर हात ठेवून उभा राह्यला. गात गात बहीण भाकरीच्या ओळीपाशी आली, अन् थांबली.

याचं उत्तर मायनं द्यायचं असते. माय तर कवाचीच गेली. मी माईक जवळ ओढला अन् मायच्या जागी गायली, "कोणालेच नाई दिली, बाई. झाकून ठेवली आहे."

त्याच्या गाण्यात ही ओळ कधीच नव्हती. तो कोणाच्या गळ्यात पडलाच नव्हता, त्याले उत्तर देईन कोण?