चुकलेला चेंज

पडदा पांढराफटक पडला आणि खाली शिट्ट्यांचा कल्लोळ उठला, तेव्हा मी केबिनमध्ये डोळे पुसत होतो.

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात एका थिएटरमध्ये ऑपरेटर होतो. केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमकतो. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं. याला आम्ही चेंज म्हणायचो. म्हणजे ऑपरेटर सिनेमा बघत नाही, कोपरा बघतो. तोवरच्या बावीस वर्षांत माझा चेंज चुकला नव्हता.

त्या दिवशी मॅटिनीला एक साधा कौटुंबिक सिनेमा होता. त्यातला भाऊ भाऊबीजेला बहिणीच्या गावी जातो, एसटी स्टँडवर बसून राहतो आणि तिच्या दारात न जाताच परतीची गाडी धरतो.

मी हेच केलं होतं. भाचीच्या लग्नात मानपानावरून आक्काशी भांडलो. पुढच्या भाऊबीजेला पेठ वडगावच्या स्टँडवर दोन तास बसलो आणि परत आलो. बायकोलाही बोललो नव्हतो. ठिपका कधी येऊन गेला, कळलंच नाही.

दुसरं मशीन सुरू केलं तोवर मॅनेजर मानेसाहेब धापा टाकत वर आले.

"शंकर, झोपला हुतास व्हय?"

"न्हाय साहेब."

"मग डोळं कशानं लाल?"

"कार्बनचा धूर." दिव्यासाठी मशीनमध्ये कार्बनच्या कांड्या जळायच्या.

"बावीस वर्षं न्हाय लागला, आजच लागला?"

मग सगळं सांगितलं.

"उद्या वडगावला जा."

"आणि मशीन?"

"मी चालवतो की. मॅनेजर व्हायच्या आधी मी काय भजी तळत हुतो?"

दुसऱ्या दिवशी गेलो. आक्का सोप्यात जोंधळे निवडत होती. तिनं मान वर केली.

"आत येतोस, का स्टँडवरनंच परत जातोस?"

मी गारच पडलो. त्या भाऊबीजेला तिच्या जावईबापूंनी मला स्टँडवर बघितलं होतं, ते तिनंच सांगितलं.

"हाक का न्हाय मारली त्यांनी?"

"घरी येऊन सांगितलं, बोलवायला परत निघालं हुतं; मीच नको म्हटलं. तुझं तू येशील असं वाटलं. ओवाळायचं ताट दिवस मावळंपर्यंत तसंच ठेवलं हुतं की रं."

जेवू घालूनच मला सोडलं. जेवताना लग्नातल्या मानपानावरून पुन्हा थोडं भांडलो, पण ते बरं वाटलं.

पुढं नोकरीत एक नियम केला. कौटुंबिक सिनेमा लागला की पहिल्याच दिवशी सुट्टी काढून आधी खाली खुर्चीत बसून बघायचा. एकदा रडून घेतलं की काम नीट होतं.