भातवाढी भाजीत

डबा खाणारी चार माणसं एका टेबलाशी बसली की किस्से मागावे लागत नाहीत. झाकण उघडतं आणि भाजीच्या वासाआधी घरची बातमी बाहेर पडते. गंगापूर रोडवरच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या मागच्या खोलीत रोज दुपारी हेच चालतं. मी रिसेप्शनला, वैशाली मशीनवर, सुनंदाताई सँपल घ्यायला आणि महेश होम व्हिजिटला. गेलं वर्षभर आमचा विषय एकच आहे. घरच्यांच्या पोटात भाजी कशी घालायची?

सुरुवात झाली वैशालीमुळे. तिच्या नवऱ्याचं, नितीनचं रक्त आमच्याकडेच तपासलं आणि शुगरचा आकडा तिच्याच मशीनवर उमटला. अजून चाळिशीही न गाठलेला माणूस. त्या दुपारी तिने डबा उघडलाच नाही. डॉक्टरांनी नितीनला बजावलं होतं, "गोळी देतोच आहे, पण ताटात अर्धी भाजी दिसली पाहिजे."

नितीन मूळचा सटाण्याचा, बटाटा आणि पिठलं यांच्या पलीकडे न गेलेला. अर्ध्या ताटाचं ऐकून त्याची आई शांतपणे अहिराणीत म्हणाली, "मंग कांदा काय शे? भाजीच शे ना?"

*

वैशालीने गनिमी कावा आरंभला. पाणीदार कोवळा दुधी किसून थालीपिठात मळला, वर तीळ लावले, खरपूस भाजलं. नितीनने एकामागून एक थालीपिठं हाणली आणि आणखी मागितली.

तेव्हा ती म्हणाली, "यात दुधी आहे."

नितीनने हातातला तुकडा उलटसुलट करून पाहिला, तोंडात टाकला आणि विचारलं, "मग इतकी वर्षं त्याची भाजी करून का वाया घालवलास बिचारा?"

*

सुनंदाताईंचे सासरे, अण्णा, घोटीचे. सगळा जन्म भाताच्या खाचरात गेलेला. त्यांच्या मते भात म्हणजे जेवण आणि भाजी म्हणजे बोटाने चाटायची गोष्ट. पानावर भाताचा डोंगर, पायथ्याशी चिमूटभर मेथी. पोट साफ होत नाही म्हणून सकाळभर कुरकुर, पण डोंगर काही कमी होईना.

ताई वाद घालणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी मोठी भातवाढी भाजीच्या कढईत ठेवली आणि भाताच्या पातेल्यात भाजीचा छोटा डाव. अण्णा आठवडाभर तसेच जेवले.

मग एक दिवस पानावर बसता बसता त्यांनी विचारलं, "सूनबाई, भातवाढी हरवली का गं?"

"नाही अण्णा. भाजीत आहे."

अण्णांनी कढईकडे पाहिलं. पोटावरून हात फिरवला. म्हणाले, "राहू दे तिथंच. बरी हाय."

*

आता माझं घर. माझी लेक इरा पोह्यातली कोथिंबीरसुद्धा वेचून ताटाच्या कडेला रांगेत मांडायची. रागावून झालं, लाडीगोडी करून झाली. शेवटी एका संध्याकाळी तिला घेऊन भाजी आणायला गेले. आमच्या कॉलनीच्या वळणावर मळ्यातल्या बायका ताजी भाजी घेऊन बसतात. म्हटलं, "आज तू निवड. जे घेशील तेच करू."

टोमॅटो, मटार सगळं सोडून तिने उचललं कारलं. "आई, हे मगरीसारखं आहे."

भाजीवाल्या मावशी हसून म्हणाल्या, "लय कडू हाय बाई." इराने आणखी दोन उचलली.

गूळ घालून, चिंच घालून, कुरकुरीत परतून केलं. इराने पहिला घास घेतला, डोळे मिटले, गिळला. मग माझ्या ताटाकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, तू का नाही घेतलंस?"

मी कारलं कधी तोंडात घातलं नव्हतं. माझ्या आईला जे माझं लग्न होईपर्यंत जमलं नाही, ते माझ्या लेकीने एका जेवणात केलं.

*

महेशची बायको माहेरी गेली होती. त्याने पावभाजी केली आणि फ्रिजमध्ये दिसलं ते सगळं कुकरमध्ये घातलं. फ्लॉवर, गाजर, भोपळा आणि एक अख्खं बीट. भाजी झाली जांभळ्या रंगाची. दोन्ही पोरांनी हाताची घडी घातली.

महेश म्हणाला, "नका खाऊ. ही तिखट आहे, मोठ्यांना झेपते फक्त."

पोरांनी पातेलं पुसून खाल्लं. बायको परत आल्यावर तिने तशीच करायची तयारी दाखवली, तर धाकटा म्हणाला, "राहू दे मम्मी. ते पप्पांनाच जमतं."

*

उन्हाळ्यात नितीनची तीन महिन्यांची सरासरी शुगर पुन्हा तपासली. वैशालीने आकडा पाहिला आणि विश्वास बसेना म्हणून तेच सँपल परत लावलं. आकडा तोच. खाली आलेला, चांगलाच खाली. ती मशीनसमोरच डोळे पुसत बसली. त्या दुपारी चौघांनी तिच्या डब्यातली गवार वाटून खाल्ली.

पुढच्याच आठवड्यात सटाण्याला नितीनच्या चुलतभावाचं लग्न होतं. पंगतीत सगळे काका-मामा ओळीने बसलेले. जिलबीचं ताट आलं. नितीनने पानावर आडवा हात धरला. जिलबी पुढे गेली. मागून वांग्याची भाजी आली. ती त्याने घेतली, मग पुन्हा हाक मारून घेतली.

ओळीतले हात थांबले. थोरल्या मामांनी वाकून त्याच्या पानाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"नितीन, तुनी तब्येत बरी शे ना रे?"

"आते बरी शे, मामा," नितीन म्हणाला, आणि भाजीची बादली तिसऱ्यांदा थांबवली.