सगुणाबाईंचा गुडघा

फिजिओथेरपिस्टकडे किस्से कसे जमतात म्हणाल, तर सुजलेल्या गुडघ्यात पाणी जमतं तसे. काढलं की पुन्हा भरतं. लग्नाकार्यात कोणीतरी मला कोपऱ्यात गाठतं, आधी स्वतःचा गुडघा दाबून दाखवतं आणि मग म्हणतं, "मॅडम, तो मेकॅनिकचा किस्सा सांगा ना!" मग काय, मी सुरू होते. आज जरा सलग सांगते, कारण हे सगळे किस्से एकाच वर्षीचे आणि एकाच खोलीतले आहेत.

यवतमाळचा आमचा दवाखाना छोटा. नागपूरहून सर्जन यायचे, गुडघे बदलायचे आणि संध्याकाळी परत जायचे. मागे उरायचे पेशंट, त्यांचं दुखणं आणि मी. ऑपरेशन झालं म्हणजे काम झालं, अशी पेशंटची समजूत असते. खरं काम दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉकर घेऊन दारात उभी राहिले की सुरू व्हायचं. वॉर्डात माझं नाव 'जल्लाद मॅडम' होतं, आणि ते मला माहीत आहे हे वॉर्डालाही माहीत होतं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बाहेरच्या बाकांवर नातेवाइकांच्या तोंडी बोंडअळी आणि भाव, याशिवाय तिसरा विषय नसायचा. व्यायामाच्या खोलीत मात्र विषय एकच. गुडघा.

*

गफूरभाईंचं लोहाऱ्याच्या रस्त्याला जीप दुरुस्तीचं गॅरेज. सारा जन्म गाडीशेजारी उकिडवं बसण्यात गेला, त्यात गुडघा पार घासून गेला होता. ऑपरेशननंतर गुंगी उतरली आणि त्यांनी सर्जनसाहेबांना पहिला प्रश्न विचारला, "साहब, पुराना पार्ट किधर है?"

सर्जन गोंधळले. मग गफूरभाईंनी त्यांना नीट समजावलं. त्यांच्या गॅरेजचा उसूल होता, नवीन पार्ट बसवला की जुना काढलेला गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. त्याशिवाय बदलला की नुसताच पुसून ठेवला, हे गिऱ्हाइकाला कळणार कसं? सर्जन हसले, हाडाचे तुकडे असे देता येत नाहीत म्हणाले आणि नवा एक्स-रे त्यांच्या हातात दिला. गफूरभाईंनी तो खिडकीकडे धरून खूप वेळ पाहिला.

"फोटो तो मैं भी गिऱ्हाईक को दिखा सकता हूँ, साहब."

दुसऱ्या दिवशी मी त्यांचा गुडघा पहिल्यांदा वाकवायला घेतला. त्यांची किंकाळी पार औषधाच्या दुकानापर्यंत गेली. नंतर घाम पुसत ते मला शांतपणे म्हणाले, "बदला है. मान गए."

*

गफूरभाईंच्या शेजारच्या खाटेवर पाध्येकाका होते, सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. काका दुखण्याला भ्यायचे आणि काकू काकांच्या दुखण्याला. आता एक गोष्ट लक्षात घ्या. नव्या गुडघ्याखाली उशी ठेवली की फार बरं वाटतं, आणि म्हणूनच ती ठेवायची नसते. गुडघा तसाच अर्धवट वाकलेला धरून बसतो आणि मग सरळ होता होत नाही. हे मी काकूंना पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या गुडघ्याखाली उशी. मी काढली. दुपारी पुन्हा उशी. मी ती उचलून नर्सच्या टेबलामागे ठेवली. त्याच्या दुसऱ्या दिवशी घडी घातलेली शाल. मी शाल जप्त केली. मग मात्र मी चिडले आणि काकूंना चार शब्द सुनावले. त्यांचे डोळे भरून आले, आणि आता कशालाही हात लावणार नाही असं त्यांनी कबूल केलं.

संध्याकाळी मी मुद्दाम अचानक गेले. काकांच्या चादरीखाली चांगला उंचवटा! मी काही बोलणार, तेवढ्यात शेजारून गफूरभाईंचा आवाज आला. त्यांचं डोकं सपाट गादीवर होतं.

"मॅडम, भाभीजी को कुछ मत बोलो. उनकी उशी तो तुमच ले गए थे. ये मेरी है."

*

आता सगुणाबाई. घाटंजीकडच्या एका गावातल्या, साठीला आलेल्या, कापूस वेचणाऱ्या बायांच्या टोळीच्या मुकादमीन. कोणत्या शेतात कधी जायचं, कोणाची तब्येत बरी नाही, कोणाला हलकी बाजू द्यायची, हे सगळं त्या बघायच्या. वाकडा झालेला गुडघा घेऊन त्यांनी कित्येक हंगाम काढले होते. शेवटी एका शिबिरात त्यांचं नाव लागलं आणि पोळ्यानंतर ऑपरेशन झालं.

पेशंटला दुखणं विचारायची आमची एक पद्धत आहे. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सगळ्यात जास्त, तर तुमचं किती? ऑपरेशननंतर एका सकाळी तिघंही व्यायामाच्या खोलीत होते. पाध्येकाकांनी डोळे मिटून हिशेब केला आणि "साडेसात" म्हणाले. गफूरभाईंनी आधी विचारलं की दहाच्या वर आकडा मिळतो का. मग मी सगुणाबाईंकडे वळले. त्यांचा गुडघा माठाएवढा सुजला होता, ओठ पांढरे पडले होते.

"दहा म्हंजे केवढं, मॅडम?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, आजवरच्या आयुष्यात जे सगळ्यात जास्त दुखलं असेल, ते दहा. सगुणाबाई थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"मंग दोन," त्या म्हणाल्या.

त्यांचं दहा काय होतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. एरवी मी कोणालाही काहीही विचारते. त्या दिवशी मी खाली मान घालून बर्फाची पिशवी बांधत बसले, आणि मला या बाईबद्दल जे वाटायला लागलं ते आजतागायत कमी झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाध्येकाकांना पुन्हा आकडा विचारला. त्यांनी आधी सगुणाबाईंकडे चोरून पाहिलं.

"अडीच," काका म्हणाले.

*

घाटंजीचा बाजार आटोपून एक दिवस सगुणाबाईंची अख्खी टोळी बसने यवतमाळला आली. वीसेक बाया एकदम वॉर्डात! सोबत रुईची पानं आणि तेलाची बाटली. मी पोचले तेव्हा एक जण नर्सच्या हीटरवर पानं गरम करत होती आणि दुसरी टाके घातलेल्या गुडघ्याची पट्टी सोडायच्या बेतात होती. शेकल्याशिवाय गुडघा मोकळा होतो का कधी, असं त्यांचं म्हणणं. मी सगळ्यांना बाहेर काढलं. इथे शेक नाही, बर्फ लागतो, असं सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यात माझ्या डिग्रीची किंमत मला समजली.

पट्टी सोडू बघणारी होती रुखमा. तिशीतली, तडफदार, टोळीतली सगळ्यात चपळ हाताची. जाताना ती सगुणाबाईंच्या पाया पडली, पण त्यांच्याकडे वर बघितलं नाही. ते मला जरा खटकलं.

पुढच्या बाजाराला फक्त चार बाया आल्या. रुखमा आली नाही. त्यांच्याकडून कळलं ते असं. यंदा कापूस थोडा, शेतं थोडी, म्हणून शेतमालक आतापासूनच टोळ्या ठरवून राहिले होते. लंगडी मुकादमीन कोणाला नको होती. तू नवी टोळी बांध, असं ते रुखमाला सांगत होते, आणि बाया तिच्याकडे कलत होत्या.

बाया गेल्यावर सगुणाबाईंनी मला सीतादहीचं सांगितलं. वेचणीच्या पहिल्या दिवशी कापसाच्या झाडाशी दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मग पहिला कापूस वेचायचा. त्यांच्या टोळीची रीत अशी, की दगडांसमोर मुकादमीन पहिली बसते आणि मग बाकीच्या बसतात. जी पहिली बसली, तिची टोळी. वर्षभर त्यावर कोणी बोलत नाही.

"मले सीतादहीले जाच लागते," त्या म्हणाल्या. "नाही गेली तं टोळी गेली. अन् टोळी गेली तं मी घरात बसून करू काय?"

मी त्यांना खरं ते सांगितलं. चालणं जमेल, काठी घेऊन शेतातही जाता येईल. पण जमिनीवर बसणं आता कायमचं बंद. मांडी नाही, उकिडवं नाही, काहीच नाही.

"मंग पूजेले बसू कशी?"

मी त्यांना गुडघा वाकवायला सांगितलं.

*

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कॅमेरे फार यायचे. कापसावर, शेतकऱ्यावर बातमी करायला दूरदूरच्या शहरांतून माणसं यायची, आणि दोन दिवसांत त्यांना भरपूर दुःख गोळा करून न्यायचं असायचं. असाच एक तरुण बातमीदार एका पेशंटला भेटायला दवाखान्यात आला आणि वाट चुकून व्यायामाच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

मी तेव्हा सगुणाबाईंचा पाय धरून रेटत होते. त्यांच्या तोंडातून आवाज नव्हता, पण डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. बातमीदाराने खुणेने कॅमेरा बोलावला, हळूच पुढे आला, गुडघ्यांवर बसला आणि फार मऊ आवाजात विचारलं, "आजी, यंदा कापसानं खूप रडवलं का हो?"

सगुणाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"कापूस कायले रडवते बाप्पा? हे बाई रडवून राह्यली नं!"

गफूरभाई इतके हसले की त्यांचा वॉकर निसटला. ती बातमी काही लागली नाही. निदान आम्हाला तरी ती कुठे दिसली नाही.

*

टाके निघाल्यावर सर्जन तपासायला आले. गुडघा काटकोनात वाकला तर घरी, नाहीतर पुन्हा भूल देऊन वाकवायचा, म्हणजे मुक्काम वाढला आणि सीतादही हुकली. आदल्या दिवशीपर्यंत सगुणाबाईंचा गुडघा काटकोनाच्या अलीकडे अडून बसला होता. मी सगळं करून थकले होते.

सर्जननी खाटेच्या कडेला बसवून पाय खाली सोडायला सांगितलं. पाय आला आणि नेहमीच्या जागी थांबला. सर्जन काही लिहायला वळले. तेवढ्यात सगुणाबाईंनी चांगला पाय उचलला, त्याची टाच दुखऱ्या पायावर पुढून ठेवली आणि डोळे मिटून मागे रेटली. गुडघा कुरकुरला, मग वाकला. काटकोनाच्याही जरा आत गेला. त्यांच्या मानेवरच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या.

सर्जननी वळून बघितलं, पुन्हा बघितलं आणि मला शाबासकी दिली. मी ती घेतली आणि सगुणाबाईंच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवली. पाध्येकाका काठी बगलेत धरून टाळ्या वाजवत होते.

*

दसरा झाला आणि निरोप आला, सीतादहीचा दिवस ठरला. मला चैन पडेना. ही बाई जमिनीवर मांडी घालणार आणि आमची सगळी मेहनत पाण्यात जाणार, याची मला खात्री होती. गफूरभाईंनी गॅरेजची जीप दिली, ड्रायव्हर दिला. गावाच्या फाट्यावरच्या चहावाल्याकडून मी एक प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली.

पोचले तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. कापूस यंदा विरळच फुटला होता. बांधाजवळच्या एका झाडाशी दगड मांडलेले, हळदकुंकू काढून ठेवलेलं, दहीभाताचं भांडं फडक्याने झाकलेलं. सगुणाबाई काठीवर भार देऊन उभ्या होत्या. समोर रुखमा उभी होती. आणि भोवती सगळ्या बाया, दवाखान्यात पुन्हा न फिरकलेल्यासुद्धा.

पूजा झालेली नव्हती. शेतमालक वैतागला होता. सकाळपासून या अशाच उभ्या आहेत, असं त्याने मला सांगितलं. मग पुन्हा त्यांच्याकडे वळून म्हणाला, "रुखमे, बस नं आता. कोणाची वाट पाहून राह्यली?"

रुखमा जागची हलली नाही. बायांपैकी एकही खाली बसली नाही. एक गरोदर पोरगी होती, घामाने निथळत होती, तीही उभीच होती.

मी ढेकळांतून खुर्ची घेऊन पुढे गेले. सगुणाबाईंना काय सांगायचं ते मी वाटेत ठरवलं होतं, पण सांगायची वेळच आली नाही. रुखमाने माझ्या हातातून खुर्ची घेतली, पदराने पुसली, दगडांच्या समोर ठेवली आणि डुगडुगते का ते दोन्ही हातांनी दाबून पाहिलं.

सगुणाबाई खुर्चीवर बसल्या.

मग रुखमा खाली बसली, आणि तिच्यामागे सगळ्या बाया बसल्या.