कमिटीच्या गोधडीत मायचं लुगडं

गोधडी मंडळाच्या कमिटीवर मला घ्यायचं ठरलं, ही बातमी शेजारणीनं विहिरीवर दिली, आणि मी भरलेली घागर तिथंच विसरून घरी आले. सासरी आजवर कोणी मला विचारलं नव्हतं की बाई, तुला काय वाटते. भाजी कोणती करू हे मी विचारायचं आणि उत्तर दुसऱ्यानं द्यायचं, अशी आमच्याकडची रीत. आता अकोल्यातल्या चार शहाण्या बायका मला आपल्यात बसवून माझं मत घेणार होत्या. दोन दिवस मी नुसती हवेत होते. सासूबाईंनी ओळखलं, म्हणाल्या, "काय व, लय नाचून राहिली?" मी म्हटलं, "काही नाही."

मंडळ जठारपेठेत एका वकिलीणबाईंच्या पडवीत भरायचं. दुपारी कापसाच्या जिनाचा भोंगा झाला की आम्ही आपापली सुई घेऊन जमायचो. घरोघरची जुनी लुगडी, धोतरं मागून आणायची, थरावर थर घालून गोधड्या शिवायच्या आणि सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब बायांना फुकट द्यायच्या, एवढंच काम. पण शिस्त अशी की कचेरीतसुद्धा नसेल. आलेलं कापड आधी गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, सोड्याच्या पाण्यात उकळायचं, वाळवायचं, मगच त्याला सुई लावायची. गावात प्लेग होता त्या सालापासूनचा हा नियम. बाळंतिणीच्या अंगावर कोणाच्या घरची पीडा जाईल, सांगता येते का? त्यावर कधी कोणी वाद घातला नाही.

कमिटीच्या बायका बसत ती गोधडी मात्र कोणाला द्यायची नव्हती, ती मंडळाची. नवी बाई कमिटीवर आली की तिनं माहेरचा एक तुकडा आणायचा, शक्यतो मायच्या लुगड्याचा, आणि त्या गोधडीच्या कडेला आपल्या हातानं जोडायचा. त्यामुळं दर नेमणुकीला गोधडी थोडी रुंद व्हायची. "सासरचं तं जन्मभर अंगावर वागवतोच आपण," वकिलीणबाई म्हणायच्या, "बसायले तरी मायेरचं असू द्या."

माझ्याकडं मायचं एकच लुगडं होतं. माय दर्यापूरला वारली. निरोप आला तशी मी निघाले, पण गाडी काळ्या चिखलात रुतली, आणि मी पोचले तेव्हा सारं आटोपून लोक आंघोळी करत होते. भावजयीनं दोरीवरचं लुगडं ओढून माझ्या हातात दिलं. मायनं आदल्या दिवशी नेसलेलं, न धुतलेलं. मीही ते कधी धुतलं नाही. अकोल्याला आणून ट्रंकेत तळाशी ठेवलं. जीव फार कासावीस झाला की दार लोटायची, ट्रंक उघडायची आणि लुगड्यात तोंड खुपसायची. तिथं माय असायची. लोक म्हणतात आठवण येते. मला आठवण नको होती, मला माय पाहिजे होती, आणि ती तेवढ्या वासापुरतीच उरली होती.

कमिटीला वीतभर पदर द्यायचा, तो गंजात गेला तर जावो, आणि बाकीचं पुन्हा ट्रंकेत ठेवायचं, असं मी मनाशी ठरवलं. पण घरी कात्री लावायला हात होईना. म्हटलं, आख्खंच नेऊ, वकिलीणबाईंच्या हातून कापून घेऊ आणि उरलेलं पोटाशी धरून परत आणू. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नेमणुकीच्या दिवशी आम्ही दोघी नव्या होतो. दुसरी माझ्याहून बरीच लहान, नदीकाठच्या मळेवाल्यांची सून. सकाळी बाजारात वांगी-मेथी विकायची आणि दुपारी मंडळात यायची. बोलायला गोड, पण कामाला अशी उतावीळ की उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. मी माझं गाठोडं पडवीत ठेवलं आणि आत गेले. वकिलीणबाईंनी कुंकू लावलं, ओटी भरली, मग चहा झाला. बाहेर येऊन पाहते तो गाठोड्याचं फडकं नुसतंच पडलेलं.

"माझं लुगडं कुठं आहे?" मी विचारलं.

"टाकलं ना," नवी हसत म्हणाली. "माह्या बापाचं उपरनं अन् तुमचं लुगडं, दोनी संगंच टाकले गंजात. म्हनलं, नव्या मानसानं पयलं काम न सांगता करावं."

मी परसात धावले. चुलीवर गंज खदखदत होता. काठीनं लुगडं वर ओढलं, हात पोळला, तसंच ते नाकाशी धरलं. सोडा. नुसता सोडा, बापा. दुसरीकडून हुंगलं, निरीच्या घडीत हुंगलं, काठाशी हुंगलं. कुठंच काही नाही. लुगडं मात्र असं स्वच्छ निघालं होतं की वकिलीणबाई मागून म्हणाल्या, "रंग किती उठला व!"

मी तिथंच ओल्या जमिनीवर बसले. बायका गोळा झाल्या. काय झालं ते मी सांगितलं, पण पोरीला कोणी बोल लावला नाही, कारण नियमाप्रमाणं पोरीनं बरोबरच केलं होतं. एकीनं माझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "जाऊ द्या बाई. माय मरो अन् मावशी उरो म्हनते ना." ही म्हण ज्यानं काढली त्याची माय खात्रीनं जिवंत असणार. मी तिचा हात झटकला आणि त्या नव्या पोरीकडं वळून म्हटलं, "तुही माय जित्ती असन, म्हणून हे असे उद्योग सुचतात तुले."

"नाई जी," ती म्हणाली. तिच्या तोंडावरचं हसू केव्हाच गेलं होतं. "मी झाली अन् ती गेली. म्हनून तं बापाचं उपरनं आनलं."

मला तिची दया आली असं मी म्हणणार नाही. त्या घडीला मला जगात कोणाचीच दया येत नव्हती. लुगडं बगलेत मारलं आणि तसंच निथळतं घेऊन घरी आले.

नंतर मी काय केलं ते सांगते, हसायचं तर हसा. अमरावतीला माझी खरोखरीची मावशी होती, मायची पाठची बहीण. अंगलटीनं अगदी माय. मी नवऱ्याच्या मागं लागून तिच्याकडं गेले आणि दारातच तिच्या गळ्यात पडले. ती बिचारी घाबरली, काहून व, सासरी काही झालं का म्हणत पाठ थोपटत राहिली. मी तिच्या खांद्यात नाक खुपसून बसले होते. मावशीच्या अंगाला तपकिरीचा वास येत होता. दोन दिवस तिच्या हातचं खाल्लं, तिच्याजवळ झोपले, आणि परत आले.

कमिटी सोडायचं मनात होतं. पण घरात बसून काय करणार, रिकामी ट्रंक उघडणार? लुगड्याचा वीतभर पदर कापला. आता कात्री लावायला काहीच वाटलं नाही, याचंच वाईट वाटलं. तो घेऊन मंडळात गेले.

नव्या बायांनी आपले तुकडे शेजारी शेजारी जोडायचे असतात. म्हणजे तिच्या बापाच्या उपरण्याला लागून माझ्या मायचा पदर. आम्ही दोघी गोधडीच्या एकाच कडेला बसून टाका घालायचो, आणि मी तिच्याशी अक्षर बोलत नव्हते. तीही मान वर करत नव्हती. असे किती दिवस गेले कोण जाणे. एका दुपारी बाकीच्या अजून आल्या नव्हत्या, तेव्हा तिनं सुई थांबवली.

"बाई, रागावू नका. एक इचारू?"

"विचार."

"कसा वास येत होता तुमच्या मायचा?"

"काहून? आता काय करायचं आहे तुले?"

"मले ठावंच नाई," ती म्हणाली, "मायले वास कसा असते ते."

मी तोंड उघडलं आणि सांगताच येईना. लुगड्यातून तो वास गेला होताच, पण माझ्या आत कुठंतरी असेल असं मी धरून चालले होते. शोधला. तिथंही नव्हता. ती पोरगी सुई तशीच धरून माझ्या तोंडाकडं पाहत होती. "धुराचा," मी म्हटलं. "चुलीच्या धुराचा. अन् डोक्याच्या तेलाचा. पहाटे दळून उठलं की कपाळावर घाम येते ना, त्याचा. हाताला हळदीचा." तोंडाला येईल ते मी बोलत गेले. यातलं माझ्या मायचं असं काहीच नव्हतं, ते कोणाच्याही मायचं होतं. पण तिनं डोळे मिटून घेतले होते आणि अगदी हळू श्वास घेत होती.

डोळे न उघडताच ती म्हणाली, "मंग माह्या मायले बी असाच असन."

"असन ना," मी म्हटलं. "असाच असन."