बायकोचं नाव

काशीराम तांडेल माणूस सरळ, पण हट्टी. एकदा ठरवलं की ब्रह्मदेवाचंही ऐकायचा नाही. मी सात वर्षं त्याच्या होडीवर जाळं ओढलं, म्हणून हे बोलायचा मला हक्क आहे.

२००५ साली आमच्या सहा होड्यांवर वायरलेस आले. मालवणच्या किनाऱ्यालगत घुसणाऱ्या बाहेरच्या ट्रॉलरांशी तेव्हा उघड मारामाऱ्या चालत, आणि ते आमच्याच चॅनलवर कान लावून बसत. एका सकाळी कुणीतरी अस्सल मालवणीत हाक दिली, 'धावा रे, होडी बुडता.' आम्ही धावलो ते थेट त्यांच्या सळयांखाली सापडलो. आमच्या होडीवरच्या बाबलीची तीन बोटं कोयत्याने उडाली.

त्यावर काशीरामने नियम केला. मदत मागणाऱ्याने आधी आपल्या बायकोचं नाव सांगायचं, नाहीतर कुणी हलायचं नाही. आमच्यात पुरुष चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही, थोरल्या भावासमोर तर नाहीच. मग ते ट्रॉलरवाल्यांच्या कानी पडणार कुठून? युक्ती नामी होती. सहांतली एक लहान होडी एकटाच चालवणारा काशीरामचा धाकटा भाऊ बाळा तेवढा लाजून हसला. त्याच्या लग्नाला चार महिनेही झाले नव्हते.

पुढच्या मार्चात, भर दुपारी, सेटवर ओरडा आला.

'दादा, मी बाळा. माका मारतत रे. लवकर ये.'

'बायलेचा नाव सांग,' काशीराम म्हणाला.

'माझी घरकारीण रे... तुका म्हायती आसा.'

'नाव सांग.'

उत्तराऐवजी धपाधप मारल्याचे आवाज आले, मग किंचाळी.

'बाळाच आसा तो,' मी काशीरामचा हात धरला. त्याने मला असं ढकललं की मी फळीवर आपटलो.

'गेल्या खेपेकय आपलोच माणूस वाटलेलो,' तो म्हणाला. सेट गप्प झाला तेव्हा कुठे त्याने इंजिन सुरू केलं. त्या दहा मिनिटांचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

बाळा त्याच्या होडीत पालथा पडला होता. डोकं मागून फुटलेलं, जाळ्यावर रक्ताचं थारोळं. आम्ही उचलला तेव्हा तो संपला होता.

घरी त्याची बायको रडली नाही. आनंदी तिचं नाव. तिने काशीरामला विचारलं, 'त्येंनी माझा नाव घेतल्यांनी नाय?'

'नाय.'

'लाजले असतले.' ती म्हणाली. 'पण भावजीनू, आवाज तुमी वळाखल्यात मां?'

'होय,' काशीराम म्हणाला.