बाथरूममधला वड

लाज वाटताना देवाने मोठी गफलत केली. आमच्या ईलिंगच्या घरमालकांच्या वाट्याची सगळी लाज त्याने माझ्याकडे धाडली, आणि ते तिच्यावाचून अगदी मजेत जगत राहिले. निवृत्त भूलतज्ज्ञ, सगळं महाराष्ट्र मंडळ त्यांना डॉक्टरकाका म्हणे. मी पुण्याहून कंपनीच्या व्हिसावर विलायतेत आलो, त्यांची वरची खोली घेतली आणि पहिल्याच रविवारी त्यांच्याबरोबर भाजीला निघालो. वाटेत एका गोऱ्या बाईंच्या घराचं हिरवं कुंपण लागलं. काकांनी खिशातून कात्री काढून त्याची एक फांदी उडवली. बाई दारात आल्या. "नथिंग टु वरी, मॅडम," काका म्हणाले, "इट विल फील बेटर बाय मंडे." जन्मभर भूल दिलेला तो आवाज! बाई चक्क थँक यू म्हणाल्या. मी मात्र पुढे कित्येक महिने त्या रस्त्याला फिरकलो नाही.

बोन्साय हे त्यांचं दैवत. एजवेअरला कुणाच्या घरी जेवायला गेलो की यजमानांच्या मनीप्लँटची मुळं तपासल्याशिवाय ते पानावर बसत नसत. कुणी कौतुकाने "छोटंसं झाड" म्हटलं की संपलंच. "बोन्साय म्हणजे कुंडीतलं झाड. छोटं झाड नव्हे. छोटा तू आहेस." एका जपानी बाईंकडून ते ही कला शिकले होते, आणि कात्री लावण्याआधी झाडाला वाकून नमस्कार करत. देवघरापुढे त्यांना तसं वाकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. व्रतवैकल्यं म्हणजे त्यांच्या मते बिनभुलीचं ऑपरेशन.

त्यांचा लाडका वड बाथरूममध्ये, टबच्या टोकाशी स्टुलावर राहत असे. हीटरच्या कोरड्या हवेत वडाला पारंब्या फुटत नाहीत, त्याला मुंबईसारखी दमट हवा लागते. म्हणून घरात सगळ्यांनी कढत पाण्यानेच आंघोळ करायची आणि खिडकी उघडायची नाही, असा दंडक होता. साबण उडू नये म्हणून आम्ही वडाकडे पाठ करून आंघोळी करायचो. मी घाईत उरकलं की खालून आवाज यायचा, "आज वाफ दिसली नाही रे!" वीस वर्षांच्या वाफेनंतर एक पारंबी कुंडीतल्या मातीला टेकली तेव्हा काकांनी पेढे वाटले. मेडनहेडला बोन्साय क्लबच्या प्रदर्शनाला जपानहून एक वृद्ध उस्ताद येणार होते. काका म्हणत, "त्यांनी पाइन पाहिलेत, मेपल पाहिलेत. पारंबी टेकलेला वड एकदा त्यांच्या नजरेखालून गेला की मी सुटलो."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी वटपौर्णिमा आली. माझी बायको लग्न होऊन नुकतीच आली होती, तिची ही पहिलीच. मंडळाच्या बायकांना ईलिंगमध्ये दुसरा वड कुठून मिळणार? आणि काका तो बाहेर काढू देईनात. हवा लागेल म्हणे. "अहो, देवाची पूजा बाथरूममध्ये?" काकूंना रडूच फुटायचं बाकी होतं. शेवटी कमोडवर टॉवेल घातला आणि पैठण्या नेसलेल्या चौघी आत कोंबल्या गेल्या. फेरे घालायला जागाच नव्हती. झाड छाटताना ते फिरवून बघायला बोन्सायवाले एक फिरता पाट वापरतात. काकांनी वड त्यावर ठेवला. "तुम्ही सुताचं टोक धरून उभ्या राहा," ते म्हणाले, "फेरे वड घालेल." जिन्यात आम्ही नवरेमंडळी उभे. सात जन्मांचा नवरा असा गरगर फिरणाऱ्या वडाकडे मागितला जातोय, हे बघून धरणी दुभंगेल तर बरं, असं मला झालं.

शेवटी माझ्या बायकोची पाळी आली. पाचव्या फेऱ्याला सूत कुठेसं अडकलं, बारीक आवाज झाला आणि पारंबी तुटून टबात पडली. बायको पांढरीफटक पडली. पहिल्या वटपौर्णिमेला वडाचं काही तुटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच घाबरलो.

"ती होय?" काका म्हणाले. "सकाळी मीच कापली होती. वाळत चालली होती, नुसती लोंबत होती. चल पोरी, दोन फेरे राहिलेत." आणि ते पाट फिरवू लागले. सकाळी दाढी करताना मी ती हिरवीगार, मातीत रुतलेली पाहिली होती.

रविवारी त्यांनी वड तसाच मेडनहेडला नेला. "नाव दिलंय ना," एवढंच म्हणाले. आम्ही दोघंही बरोबर गेलो. ते उस्ताद वडापुढे बराच वेळ थांबले. त्यांनी तुटलेल्या टोकाजवळ बोट नेलं आणि हळूच विचारलं, "हू डिड धिस?"

"मी," काका इंग्रजीत म्हणाले. "हात चुकला. म्हातारा झालो. व्हेरी सॉरी." सगळ्या क्लबसमोर ते कमरेत वाकले. ताठ झाले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. तसे मी ते कधी पाहिले नव्हते. बोलायचं ते मला बोलता येत नव्हतं, कारण बायको शेजारीच उभी होती. इतके दिवस यांच्याबरोबर रस्त्याने चालायची मला लाज वाटायची, हे आठवून मी जमिनीकडे पाहत राहिलो.

परतीच्या ट्रेनमध्ये काका वड मांडीवर घेऊन आमच्या समोर बसले. डोळे मिटलेले. बायको माझ्या कानाशी लागली.

"ऐकलंस ना? काकांच्याच हातून झालं होतं ते. मी उगाच रात्रभर रडले."

"हो," मी म्हणालो.

काका जागे होते. त्यांनी कुंडी जराशी जवळ ओढून घेतली, पण डोळे काही उघडले नाहीत.