कातरलेल्या मेंढरांची ऊब

शेळगावची राजलक्ष्मी बारामतीच्या एका छोट्या कंपनीत यंत्राला बघायला शिकवते. ड्रोनच्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याची चित्रं तिच्या पडद्यावर येतात. उबदार अंग पांढरं दिसतं, गार जमीन काळी. प्रत्येक ठिपक्याभोवती चौकट आखायची आणि लिहायचं, माणूस की जनावर. त्यावरून शिकलेलं यंत्र पुढे सीमेवर टेहळणीला जाणार.

मार्चमध्ये एक चित्र आलं. माळावर एकसष्ट लख्ख ठिपके. यंत्राचं उत्तर तयार होतं: माणसं, खात्री चौऱ्याण्णव टक्के. तिने फक्त होकाराचं बटण दाबायचं. ती उठून कंपनीचे प्रमुख राजवर्धन सर यांच्याकडे गेली.

"सर, यातली एकोणसाठ मेंढरं आहेत."

"मेंढरं अंधुक दिसतात. लोकर ऊब बाहेर सोडत नाही. तूच आखलीस ना तशी हजार चित्रं?"

"ती लोकरीची. ही नुकतीच कातरलेली आहेत."

सर हसले. "यंत्राला चौऱ्याण्णव टक्के खात्री आहे. तुला?"

"शंभर. माणसं अशी अंगाला अंग लावून बसत नाहीत. कडेचे दोन ठिपके तेवढे मेंढपाळ. उद्या यंत्राने यांना शत्रूची टोळी म्हटलं, तर त्या दोघांना कोण विचारत बसणार?"

सर हसायचे थांबले. "शुक्रवारी लष्कराची चाचणी आहे. त्याआधी सिद्ध कर. नाही झालं, तर हे काम तुझ्याकडे राहणार नाही."

घरातली मेंढरं वडिलांनी कधीच विकली होती, पण चुलते म्हस्कूआप्पा अजून कळप राखून होते. त्या आठवड्यात बावड्याला, ऊस तुटून गेलेल्या रानात, खतासाठी कळप बसवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सर ड्रोन घेऊन बांधावर हजर झाले.

ड्रोन वर गेला. लॅपटॉपवर चाळीस अंधुक ठिपके. यंत्र म्हणालं, मेंढरं.

"शाणं हाय की तुमचं यंत्र, सायब," आप्पा म्हणाले.

"आप्पा, आता धा मेंढरं कातरा."

"आत्ता? कातरण फुडल्या आठवड्यात हाय, पोरी. च्या तर घ्या."

"आप्पा, माझं काम जातंय."

आप्पांनी कातर काढली, घरातल्या पाच जणांना हाक मारली. अर्ध्या तासात दहा मेंढरं उघडी पडली. माणसं बाजूला झाली आणि ड्रोन पुन्हा वर गेला. पडद्यावर आकडे आले: मेंढरं तीस, माणसं दहा.

आप्पा वाकून बघत राहिले. "आगं, आंगडं काढलं म्हनून मेंढरू मानूस हुतंय व्हय?"

सरांनी तिथंच उभ्या उभ्या फोन लावला आणि चाचणी महिनाभर पुढे ढकलून घेतली.

मग राजलक्ष्मी पणदऱ्यापासून बावड्यापर्यंत कळप शोधत फिरली. लोकरीची, अर्धवट कातरलेली, नुकती कातरलेली मेंढरं. मेंढरांत अंग टाकलेले मेंढपाळसुद्धा. चार हजार चित्रं तिच्या गटाने आखली.

चाचणीला अधिकाऱ्यांनी स्वतःची तीनशे चित्रं आणली होती. एकाही कळपाला यंत्राने माणसांची टोळी म्हटलं नाही. एका चित्रात त्यांनी मुद्दाम चार जवानांना मेंढरांत सरपटायला लावलं होतं. यंत्राने चारही नेमके धरले. खोलीत टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात सरांच्या.

"आणखी कुठं कुठं फसतं हे?" मोठ्या अधिकाऱ्याने विचारलं.

सरांनी तिच्याकडे बोट केलं. राजलक्ष्मीने यंत्राच्या चुका टिपून ठेवलेली वही उघडली.

"सात ठिकाणी," ती म्हणाली.

अधिकाऱ्याने खुर्ची ओढली.